ओकारी कुणाची?

'शुभ मंगल ज्यादा सावधान' २०२० साली आला. थेटरात मीही होतो. आगगाडीत दोन पोरं एकमेकांचा मुका घेतात. बाप त्रिपाठी ते बघतो नि भडाभडा ओकतो. हसं बापाचं व्हायला हवं होतं, झालं पोरांचं. मी नाही हसलो. ती ओकारी माझ्या ओळखीची. आमच्या आज्याची सावली पडली की असंच मळमळायचं त्यांना. तेव्हा तिचं नाव विटाळ होतं.

बाहेर एकजण बोलला, "पिक्चर झकास, पण पोराबाळांसमोर हे कशाला?" वा रे शहाण्या! २००८ साली 'दोस्ताना'त दोघं भाड्याच्या खोलीसाठी जोडप्याचं सोंग घेऊन नाचले, तेव्हा पोराबाळांसकट शिट्ट्या मारल्यास. सोंग चालतं. खरं प्रेम दिसलं की संस्कृती आठवते.

आणि दोस्तांनो, आपलेही काही खिदळले. छक्का म्हणाले. लाज वाटली मला.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं त्यांच्या प्रेमावरचा ३७७ चा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र नाकारला. डोक्यातला विटाळ कुठलं कोर्ट पुसणार?

हसा खुशाल. त्या ओकारीला हसा. पोरांना हसलात तर तुम्हीही त्रिपाठीच!