जपानची सहल आणि आपली नजर

मार्च महिना जवळ आला की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून चेरीचा बहर फुलू लागतो. गुलाबी फुलांच्या ताटव्यामागे हिमशुभ्र फुजी पर्वत, पुढे वेगाने धावणारी शिंकान्सेन आणि खाली सात रात्री-आठ दिवसांचा कार्यक्रम : टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, ओसाका. सोबत मराठी सहल-व्यवस्थापक, शुद्ध शाकाहारी भोजन आणि काही ठिकाणी तर चक्क आपल्याकडचा स्वयंपाकी. काशी-रामेश्वर घडले म्हणजे जन्माचे सार्थक झाले, असे मानणाऱ्यांची नातवंडे आज आईवडिलांना घेऊन जपानला निघाली आहेत. यात नाक मुरडण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटत नाही. कष्टाने मिळवलेल्या पैशातून जग पाहावे, ही इच्छा निरोगी समाजाचीच खूण आहे. प्रश्न इतकाच आहे की आपण तेथे नेमके काय पाहून येतो?

हा प्रश्न नवा नाही. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघालेले स्वामी विवेकानंद जपानमार्गे गेले होते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात नसते. नागासाकी, कोबे, ओसाका, क्योटो, टोकियो असा प्रवास करून १० जुलै १८९३ रोजी योकोहामाहून त्यांनी मद्रासच्या मित्रांना पत्र लिहिले. जपान्यांची स्वच्छता त्यांनी टिपली, सैन्याची आणि कारखान्यांची सिद्धता टिपली. आणि मंदिरांच्या भिंतींवर जुन्या बंगाली वळणाच्या अक्षरांत लिहिलेले संस्कृत मंत्रही टिपले. आपल्या तरुणांनी दरवर्षी मोठ्या संख्येने हा देश पाहावा, अशी इच्छा त्यांनी त्याच पत्रात व्यक्त केली आहे. मात्र त्याच पत्रात आपल्या समाजाच्या आळसावर आणि शिवाशिवीच्या खुळावर त्यांनी असे कोरडे ओढले आहेत की, स्वामीजींच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आपण सर्वांनी ते एकदा तरी सबंध वाचावे. पुढे जपानहून अमेरिकेकडे जाताना जमशेटजी टाटा त्यांचे सहप्रवासी होते. नोव्हेंबर १८९८ मध्ये टाटांनी त्या प्रवासाची आठवण देऊन स्वामीजींना पत्र लिहिले आणि विज्ञान संशोधनाच्या संस्थेसाठी त्यांचे साहाय्य मागितले. बंगळूरची ती संस्था १९०९ साली उभी राहिली.

गेल्या वर्षी अशाच एका सहलीवरून परतलेल्या परिचित कुटुंबाशी आमचे बोलणे झाले. गाड्या सेकंदाला सेकंद वेळेवर सुटतात, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, हरवलेले पाकीट जसेच्या तसे परत मिळाले, हे सारे त्यांनी कौतुकाने सांगितले. नारा येथे काय पाहिले, असे विचारले तेव्हा उत्तर आले, “हरणे. खूप माणसाळलेली आहेत. बिस्किटे घेतली की मान लववून नमस्कार करतात. आणि एक खूप मोठा बुद्ध आहे.” तेथे त्यांना चाळीस मिनिटे देण्यात आली होती.

तो ‘खूप मोठा बुद्ध’ म्हणजे तोदाइजी मंदिरातील सुमारे पंधरा मीटर उंचीची वैरोचन बुद्धाची कांस्यमूर्ती. आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, तसा तेथे नेत्रोन्मीलनाचा विधी असतो. इसवी सन ७५२ मध्ये या मूर्तीचे नेत्र रेखले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. ते दक्षिण भारतातून चीनमार्गे ७३६ साली जपानला पोहोचले होते. जपानी इतिहास त्यांना ‘बारामोन सोजो’ म्हणजे ब्राह्मण धर्माचार्य या नावाने ओळखतो. त्यांच्या हातातील कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हाती धरल्या होत्या, जेणेकरून मूर्तीचे डोळे उघडण्याच्या पुण्यात सर्वांचा वाटा असावा. तो कुंचला आजही नारा येथील शोसोइन भांडारात जतन केलेला आहे. आमच्या परिचितांना यातले एक अक्षरही कोणी सांगितले नव्हते. दोष त्यांचा नाही. सहल-व्यवस्थापकाला स्वच्छतागृहांची आणि जेवणाची वेळ सांभाळायची असते. त्याचाही किती दोष मानावा?

टोकियोतही तीच गत. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरासमोरील तांबड्या कंदिलाखाली प्रत्येक गट छायाचित्र काढतो. तेथून दहा-पंधरा मिनिटे चालत गेले की सुमिदा नदीच्या काठी एका लहानशा टेकडीवर मात्सुचियामा शोदेन नावाचे मंदिर लागते. तेथील देवता कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती गुप्त असते, तिचे दर्शन होत नाही. नैवेद्य मोदकाचा नव्हे, पांढऱ्या मुळ्याचा! भाविक मुळा विकत घेऊन देवापुढे ठेवतात. ज्या महाराष्ट्रात गल्लोगल्ली गणपती बसतो, तेथून गेलेल्या माणसाने या पायऱ्या चढल्याविना परतावे, याची आम्हांस खरोखर हळहळ वाटते. सरस्वती तेथे बेन्झाइतेन होऊन वीणेऐवजी बिवा वाजवते. उग्र महाकाल दाइकोकुतेन होऊन तांदळाच्या पोत्यांवर हसतमुखाने उभा राहतो. क्योटोच्या सांजुसांगेन्दो या सभागृहात एक हजार एक अवलोकितेश्वरांपुढे अठ्ठावीस रक्षक देवतांची रांग आहे. तीत इंद्र आणि ब्रह्मदेव ओळखू येतात.

कोयासान पर्वतावर तर याहून थेट भेट घडते. कूकाई या आचार्यांनी ८१६ साली स्थापिलेले हे शिंगोन पंथाचे पीठ आहे. तेथील ओकुनोइन या विस्तीर्ण दफनभूमीत देवदारासारख्या उंच वृक्षांखाली दोन लाखांहून अधिक स्मारके आहेत आणि कित्येकांच्या पाच दगडी थरांवर पाच अक्षरे कोरलेली आहेत : खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. लिपी सिद्धम्, म्हणजे आपल्या नागरीची आतेबहीणच. थोडे निरखले तर शाळकरी मुलालाही ओळख पटावी. जपानी मुले जी वर्णमाला पाठ करतात तिचा क्रमही आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना असा आपल्या वर्णमालेच्या धर्तीवरच लागलेला आहे. कोयासानच्या मठांत यात्रेकरूंना मुक्कामाला राहता येते. पहाटेच्या उपासनेत ‘गोमा’ नावाचा अग्निविधी पाहायला मिळतो. गोमा म्हणजे होम. आणि मठातले जेवण कांदा-लसूण वर्ज्य असलेले, पूर्ण शाकाहारी. शाकाहारासाठी नागपूर-पुण्याहून स्वयंपाकी नेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे सारे वाचून ‘म्हणजे जपान आमचेच!’ अशी आरोळी ठोकण्याचा मोह आपल्या मंडळींना फार लवकर होतो. जपानने आपल्याकडून बीज घेतले, पण मशागत स्वतः केली. तेराशे वर्षे ते जपले, वाढवले, स्वतःचे केले. सिद्धम् लिपी ज्या भूमीत जन्मली तेथून ती लोप पावली. तेथे ती आजही लिहिली जाते. हा अभिमानाचा विषय आहे की आत्मपरीक्षणाचा?

जपून ठेवणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी इसेला जावे. सूर्यदेवता आमातेरासूचे हे मंदिर जपानचे सर्वोच्च श्रद्धास्थान. पण सहलींच्या कार्यक्रमात इसे सहसा नसते, कारण छायाचित्र काढण्यासारखे तेथे फारसे काही दिसत नाही. कुंपणांपलीकडे गवताने शाकारलेले छप्पर, एवढेच. ही वास्तू दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. जुन्या मंदिराला लागून तेवढाच मोकळा भूखंड राखलेला असतो. त्यावर हुबेहूब तशीच वास्तू उभारायची, देवतेचे रात्री स्थलांतर करायचे आणि मग जुनी वास्तू उतरवायची. पहिले पुनर्निर्माण ६९० साली झाले, बासष्टावे २०१३ साली. केवळ वास्तू नव्हे, देवतेची वस्त्रे, तलवारी, आरसे, धनुष्ये असे १५७६ नग नव्याने घडवले जातात. त्यामुळे विणकर, लोहार, सुतार, लाखकाम करणारे असे सारे कारागीर दर वीस वर्षांनी कामाला लागतात. विशीत हाताखाली शिकलेला सुतार चाळिशीत मुख्य कारागीर होतो आणि साठीत पुढच्या पिढीवर देखरेख करतो. वीस वर्षांच्या अंतरामागील व्यवहार हा असा आहे. खंड पडलाच नाही असे नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत शंभराहून अधिक वर्षे हे काम थांबले होते. पुन्हा उभे केले गेले, हे महत्त्वाचे.

एका वेळी दहा हजारांहून अधिक हिनोकी वृक्ष लागतात. लाकूड कमी पडू लागले तेव्हा १९२३ साली मंदिराने आपल्या जंगलासाठी दोनशे वर्षांची योजना आखली. लावणाऱ्यांनी रोपे लावली ती आपल्या पणतवंडांच्याही पुढच्या पिढीसाठी. आणि उतरवलेले लाकूड? तेही वाया जात नाही. मुख्य स्तंभांची उजी पुलापाशी कमान होते, मग ते लाकूड इतर मंदिरांकडे जाते. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे काळ्या पाषाणावर तैलरंग आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी, असे समीकरण होऊ लागले आहे. गावोगावच्या विश्वस्त मंडळींत आपलेच कार्यकर्ते असतात, म्हणून हे स्पष्टपणे लिहीत आहोत. जुन्या देवळाचा चुन्याचा गिलावा करू शकणारा गवंडी तालुक्यात शोधून सापडत नाही. तो कोणी परक्याने पळवून नेलेला नाही. आपण त्याला काम दिले नाही.

आधुनिक जपानची थोरवी सांगायला आज कोणाची गरज नाही. शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ पासून धावते आहे आणि मुंबई-अहमदाबाद मार्गाच्या उभारणीत तेच तंत्र आपल्या दाराशी आले आहे. टोकियो स्थानकात अवघ्या सात मिनिटांत सबंध गाडी झाडून-पुसून सिद्ध करणारे कर्मचारी कामानंतर प्रवाशांना लवून अभिवादन करतात. आपली मंडळी त्याचे चित्रण करून घरी पाठवतात. पण जपानी शाळांतील मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, हे पाहिल्यावर परत आल्यानंतर किती घरांत मुलांच्या हाती केरसुणी दिली गेली? संघशिबिरात स्वतःचे ताट स्वतः धुणारा स्वयंसेवक घरी तसेच ताट सोडून उठत असेल, तर त्याला टोकियोचे कौतुक करण्याचा अधिकार किती, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

भाषेचे तर विचारूच नका. पाश्चात्त्य विद्या जपानमध्ये आली तेव्हा तिच्यासाठी शब्द घडवण्याचे काम विद्वानांनी अंगावर घेतले. ‘तत्त्वज्ञान’ या अर्थाचा ‘तेत्सुगाकु’ हा शब्द निशी आमाने यांनी रूढ केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी केले ते याच जातीचे काम होते. तेथे ते शब्द शाळेत, प्रयोगशाळेत, न्यायालयात गेले. २००८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले मासुकावा तोशिहिदे यांनी आपले नोबेल व्याख्यान जपानी भाषेत दिले. आपल्याकडे सावरकरांचे शब्द अभिमानाने मिरवणारे आम्ही नातवंडांना कोणत्या माध्यमात घालतो?

जपानचे सारेच अनुकरणीय आहे, असा याचा अर्थ नव्हे. १८६८ नंतर शिंतो आणि बौद्ध परंपरा शासकीय आदेशाने तोडल्या गेल्या, तेव्हा जपान्यांनीच असंख्य बौद्ध मंदिरे उद्ध्वस्त केली. हजार वर्षे एकाच प्रांगणात नांदलेल्या देवतांना वेगळे करण्याचा तो अट्टाहास होता. पुढे राष्ट्राभिमानाला सैनिकी उन्माद जडला आणि चीन-कोरियाने त्याचे जे भोगले ते विसरता येत नाही. न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे स्मारक २००५ साली यासुकुनी मंदिराच्या आवारात उभारले गेले. आपल्याकडे त्यांचा उल्लेख गौरवाने होतो आणि तो योग्यच आहे. परंतु पाल यांनी विजेत्यांच्या न्यायाचा अधिकार नाकारला होता, जपानी सैन्याचे अत्याचार नाकारले नव्हते. त्यांच्या निकालपत्रातील हा भाग गाळून गौरव करणे हा त्यांच्यावरच अन्याय होय. आजच्या जपानची व्यथाही लहान नाही. २०२३ च्या पाहणीत तेथे नव्वद लाख घरे रिकामी आढळली. गावात देऊळ आहे, घंटा वाजवायला कोणी नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. कुटुंब आक्रसले की परंपरेचे काय होते, हेही तेथे पाहण्यासारखे आहे.

यात्रेकरूच्या वर्तनाबद्दलही दोन शब्द. क्योटोच्या गिओन वस्तीतील खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना मज्जाव करावा लागला. ‘गिओन’ हे नाव श्रावस्तीच्या जेतवन विहारावरून आलेले आहे. ज्या नावाचे मूळ आपल्या भूमीत आहे, तेथे आपल्यामुळे कोणाला दार लावून घ्यावे लागू नये.

सहल आयोजित करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. पुण्यात जपानी भाषा शिकलेल्या तरुण-तरुणींची वाण नाही. त्यातील एखादी जाणकार व्यक्ती गटासोबत द्या. एक मॉल कमी करा आणि कोयासानचा एक मुक्काम वाढवा. टोकियोच्या सुगिनामी भागातील रेंकोजी मंदिरात अर्धा तास थांबा. तेथील अस्थी नेताजींच्या आहेत की नाहीत, हा वाद मिटलेला नाही. पण सप्टेंबर १९४५ पासून त्या मंदिराने एका परदेशी पुरुषासाठी जे व्रत सांभाळले आहे, त्यापुढे हात जोडायला वाद आड येत नाही. शिंजुकूतील नाकामुराया या दुकानाने रासबिहारी बोस यांना आश्रय दिला होता आणि त्यांनी शिकवलेली आमटीसारखी ‘करी’ तेथे १९२७ पासून मिळते. ती सामिष असते, हे शाकाहाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावे.

इसेचे पुढील पुनर्निर्माण २०३३ साली आहे. त्याचे विधी २०२५ मध्येच सुरू झाले. ज्यांना सवड आणि ऐपत आहे, त्यांनी ते वर्ष नोंदवून ठेवावे. आणि जाण्यापूर्वी आपल्या गावच्या देवळाचा शेवटचा जीर्णोद्धार कोणी, कधी आणि कोणत्या कारागिराच्या हातून केला, याचीही चौकशी करून ठेवावी. इसेच्या पुलावर एखाद्या जपानी वृद्धाने विचारले, तर सांगता यायला हवे.