कोयत्याची किंमत सात वर्षं



कोयता घेऊन ऊसाच्या फडात उतरलं की टनावर मजुरी मिळते. तोच कोयता घेऊन रात्री रस्त्यावर उभं राहिलं की सात वर्षं मिळतात. न्यायाधीशाच्या पोटात दया असली तरी सातच. कायद्यानं त्याचे हात बांधलेत आणि आपले तर जन्मापासनं बांधलेलेच आहेत.

माझ्या गावाकडचा पोरगा. तासगाव तालुका. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक आधी जात शोधतात. 2024 च्या जानेवारीत, फडावरनं परतताना, यानं एक मोटारसायकल अडवली. हातात कोयता. पैसे काढ म्हणाला. मोटारसायकलवाला ओरडला, वस्तीतली माणसं धावली, पोरगा जागेवर गळाठला. एक रुपया हाती लागला नाही. कुणाला ओरखडा नाही. वय वीस पुरं झालं आणि निकाल लागला : सात वर्षं सक्तमजुरी, वर दंड.

तो साधू आहे असं मी म्हणत नाही. मोटारसायकलवरचा माणूसही कुणी सावकार नव्हता. कारखान्याची पाळी करून घरी चाललेला आपल्यातलाच कष्टकरी. त्या रात्री त्याच्या पोटात जो गोळा आला त्याची किंमत मी शून्य धरत नाही. पण सात वर्षं? न झालेल्या चोरीची?

कायदा असा आहे, समजून घ्या. 1860 ची भारतीय दंड संहिता, कलम 393 : जबरी चोरीचा प्रयत्न, जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे न्यायाधीश एक देईल, दोन देईल. पण हातात प्राणघातक हत्यार असलं की लागतं 398. तिथं कमीत कमी सात. 1 जुलै 2024 ला इंग्रजांची संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. 393 चं 309 झालं, 398 चं 312 झालं. सात मात्र सातच राहिले.

मी गोदीत हमाल आहे. गोणी ओढायचा लोखंडी आकडा माझ्या हातात असतो. पोट भरतो तोवर अवजार, पोट ओरडलं की हत्यार. श्रीमंताच्या हातात पेन असतं. पेनानं लुटायला कुठल्या कलमात कमीत कमी सात आहेत, दाखवा मला!

आता ही गंमत बघा. आपल्याच महाराष्ट्रातला खटला. विद्यापीठातला एक रीडर, पदव्या असलेला माणूस. विद्यापीठाच्या खोट्या पदव्या बनवायच्या प्रयत्नात दोषी ठरला. सत्र न्यायालयानं शिक्षा काय दिली? कोर्ट उठेस्तोवर बसून राहा, आणि दंड भर. हायकोर्टानं ती तीन वर्षांवर नेली म्हणून बरं. प्रयत्न त्याचाही होता, प्रयत्न याचाही. एकाला संध्याकाळी घर, दुसऱ्याला सात पावसाळे गजाआड.

आणि ज्यांच्या जातीवरच चोरीचा शिक्का आहे त्यांचं काय? 1871 साली इंग्रजानं गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मताच गुन्हेगार, चौकीवर हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा मेला. पोलिसाच्या डोक्यातला मेला का? 2003 साली नाशिक भागात दरोडा आणि खून झाले. भटक्या जमातीतले सहाजण धरले. हायकोर्टानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोकली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयानं सांगितलं, सहाही निर्दोष! सोळा वर्षं गेली. भरपाई माणशी पाच लाख. करा भागाकार.

सांगलीचा तर निकालापर्यंतही पोचला नाही. नोव्हेंबर 2017, लुटीच्या गुन्ह्यात धरलेला तरुण सांगली शहर पोलीस ठाण्यात मारहाणीत मेला. प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं, आणि वर सांगितलं की आरोपी पळाला. पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला तो लोक रस्त्यावर उतरले म्हणून.

याच सातारा-सांगलीच्या मातीत 7 जून 1943 ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या पोरांनी पगाराची रेल्वे लुटली. इंग्रज त्यांना दरोडेखोर म्हणाला, आपण क्रांतिकारक म्हणतो. बरोबरच म्हणतो. त्यांची आणि या पोराची बरोबरी मी करत नाही. एवढंच म्हणतो की तिथं आपण विचारलं, का लुटलं? मग भुकेच्या पोरालाही एकदा 'का' विचारा की. शिक्षा ठरवताना 'का'ला जागाच नसेल तर कोर्टात माणूस कशाला बसवलाय? तराजूच टांगा.

नुसतं बोंबलून भागायचं नाही. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील करायला साठ दिवस मिळतात. 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा, सांगलीसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, मुंबईची वारी संपली. निकालाची प्रत फुकट मागा, वकील फुकट मागा. हा हक्क 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्या रीडरच्याच प्रकरणात सांगून ठेवलाय. पैसा नसेल तर तुरुंग अधीक्षकाच्या हाती अपील द्या, त्याला ते पुढं पाठवावंच लागतं.

अपिलात दोन गोष्टींवर भांडा. एक, हत्यार. पंचनाम्यातला कोयता खरंच त्याच्या हातातला का? पंच कोण? 398 गळालं की 393 उरतं, आणि न्यायाधीशाचे हात सुटतात. दुसरी, वय. 1958 चा परिवीक्षा कायदा म्हणतो, एकवीसच्या आतल्या पोराला तुरुंगात घालायचं तर कारण लिहून द्या. कमीत कमी सात असताना हा कायदा चालत नाही असं कुणी म्हणालं तर जानेवारी 2021 चा निकाल पुढं ठेवा. पंजाबातल्या दोन पोरांच्या अपिलात, 397 सारखं तसलंच कमीत कमी सातचं कलम असताना, सर्वोच्च न्यायालयानं अर्ध्या शिक्षेवर त्यांना परिवीक्षेवर सोडलं.

7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत भीमराव नावाच्या पोराचं नाव दाखल झालं. पुढं तो बॅरिस्टर झाला. त्या शाळेपासनं तासगाव लांब नाही. आमच्या पोराचं नाव मात्र तुरुंगाच्या रजिस्टरात आहे. साठातले बावीस दिवस गेलेत.

ज्याला अर्ज लिहिता येतो त्यानं कविता आज बाजूला ठेवावी. मीही ठेवलीय.

जय भीम.