नको असेल ते द्या

आमच्या कोपऱ्यावर गेल्या रविवारी माणुसकीची भिंत उघडली. भिंत तशी जुनीच, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची. तिला निळा रंग दिला, खुंट्यांच्या दोन ओळी ठोकल्या, नारळ फोडला, फीत कापली. मग प्रश्न आला फ्लेक्स कुठे लावायचा. समोरच्या खांबावर आधीच दहीहंडीचा फ्लेक्स, आणि तो उतरवायला त्या मंडळाला विचारणार कोण? तेव्हा माणुसकीच्या भिंतीचा फ्लेक्स माणुसकीच्या भिंतीवरच लागला आणि वरच्या ओळीतल्या सगळ्या खुंट्या त्याच्याखाली गेल्या. आता खालच्या ओळीवर कपडे टांगलेले असतात आणि वरच्या ओळीवर माणसं, हात जोडून.

फ्लेक्सबद्दल मी काही बोलणार नाही. या सदरात फ्लेक्सवर इतकं लिहून झालंय की संपादकांनी आता हात टेकलेत. माझं डोकं फिरलं ते त्यावरच्या वाक्याने. ‘नको असेल ते द्या, हवे असेल ते घेऊन जा.’ गावोगावच्या भिंतींवर हेच लिहितात. दुसऱ्या अर्ध्याबद्दल तक्रार नाही. पण नको असेल ते द्या? नको असलेलं न्यायला घंटागाडी येते की दारात रोज सकाळी.

माझी सकाळची फेरी वाचकांना पाठ आहेच. साताऱ्याची चारभिंती, तिथून खाली, चहा, पेपर. आता त्यात ही पाचवी भिंत आली. पहिल्या आठवड्यात तिथे काय काय लागलं ते मी पाहिलंय. कोपरावर चकाकणारी एक सफारी. शाळेचं नाव असलेला शाळेचा टाय. लग्नात एकदाच अंगावर चढलेली आणि नंतर पोटावर न बसलेली शेरवानी. फॉल अर्धा सुटलेली साडी. हिवाळ्याला अजून अवकाश असताना एका बाहीचा स्वेटर. दुसरी बाही उसवून कुणीतरी तिच्या लोकरीचं काही केलं असावं. उरलेला भाग माणुसकीला.

सोसायटीत रात्रीची राखण करणारे मामा परवा तिथे उभे होते. एक करडी पॅन्ट त्यांनी उतरवली, उजेडात धरली, शिवण पाहिली, कंबरेला लावून पाहिली. चेन वर ओढली, खाली ओढली, पुन्हा वर ओढली. मग पॅन्टची नीट घडी घालून ती परत खुंटीवर ठेवली.

“काय झालं मामा?” आमचे शेजारी अण्णा म्हणाले.

“चेन गेलीय.”

“मग बसवून घ्या की नवी.”

“टेलर साठ रुपये घेतो, अण्णा. आठवड्याच्या बाजारात पॅन्टच दोनशेला मिळती.”

मामा गेल्यावर अण्णांनी मला ऐकवलं, “धर्माच्या गाई आणि दात का गे नाही! फुकटात मिळतंय तर चेन बघतात.” अण्णांना म्हणी फार. पण ही म्हण नेहमी देणाराच का म्हणतो, हे मला कधी कळलं नाही. गाईला दात नसले तर ती कडबा खाणार कशी, आणि दूध देणार कुठून? असली गाय दारात बांधून घेणाऱ्याने दात विचारायचे नाहीत, तर काय शिंगं मोजायची? आपल्याकडे हे भांडण जुनं आहे. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व दान करायला घेतलं आणि गाई काढल्या त्या थकलेल्या, दूध आटलेल्या. पोरगा नचिकेता हे बघत होता. त्याने बापाला विचारलं, मग मला कुणाला देणार? एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा बाप भडकला आणि म्हणाला, यमाला. पुढे यमाने त्या पोराला मोठं ज्ञान वगैरे दिलं. माझं मन अजून त्या गाई ज्यांच्या दारात गेल्या त्यांच्यापाशी अडकलंय. त्यांचं काय झालं, हे उपनिषदात नाही.

सांगलीच्या पुरात आलेल्या दानाचं मात्र काय झालं ते माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या पुराचा उच्चांक मागे पडला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि माणसं गेली. पाणी उतरायला लागल्यावर राज्यभरातून मदतीचे ट्रक सांगलीकडे निघाले.

माझी मावशी सांगलीच्या गावभागात राहते. खालचा मजला पाण्यात, ती आणि काका वर भाडेकरूंच्या खोलीत. पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा ती पायरीवर बसून खराट्याने गाळ ढकलत होती, आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

“अरे, मला काय मिळालं सांगू? चणिया-चोळी! आरसेबिरसे लावलेली. म्हटलं, बाई गं, आता या चिखलात गरबा खेळू काय मी, पासष्टाव्या वर्षी?”

“कुणी दिली?”

“कोण जाणे. ट्रक आला, ढीग ओतला, फोटो काढला, ट्रक गेला. तुझ्या काकांना एक बूट मिळाला. चांगला होता, कातडी. दुसऱ्या पायाचा शोधायला गेले ते जेवायच्या वेळेला आले.”

“सापडला?”

“दोन्ही डाव्याच पायाचे निघाले.”

ते ढीग पुढे पावसात भिजले, कुजले, आणि गाळ उचलायला आलेल्या माणसांना गाळाबरोबर तेही उचलावे लागले. म्हणजे कुणाच्या तरी कपाटातला कचरा गाडीभाडं भरून सांगलीत आणून टाकला गेला, आणि वर पुण्य जमा.

भाकऱ्यांचं मात्र मावशी अजून नाव काढते. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या, वर ठेच्याची पुडी. तिच्या वाट्याला आलेलं गाठोडं माणदेशाकडचं होतं. २०१९ हे वर्ष आठवा. त्याच वर्षी जानेवारीपासून म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची जनावरांची छावणी चालू होती, कारण तिकडे ना चारा होता ना पाणी. ज्या भागाने उन्हाळाभर दावणीच्या गाई छावणीत नेऊन बांधल्या, त्या भागातल्या चुलींवर ऑगस्टमध्ये सांगलीसाठी तवा चढला. मावशीने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग नावं ठेवली.

“बाजरीची होती रे. पावसाळ्यात बाजरी उष्ण पडते. आणि ठेचा असा की ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर काय कमी होतं?”

हे ऐकून मला बरं वाटलं. पूर आला म्हणून माणसाची जीभ वाहून जात नाही. आणि बाजरी का आली, तर तिकडच्या घरात बाजरीच होती. पोरांसाठी थापायच्या त्यातल्याच चार जास्त थापल्या आणि बांधून दिल्या. भाकरी जुनी झाली म्हणून कुणी देत नाही. जुनी झालेली भाकरी आपण घरातच कुस्करून, फोडणी घालून खातो.

साताऱ्यात राहून या विषयावर लिहायचं आणि कर्मवीरांपर्यंत यायचं नाही, हे होणं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह सुरू केलं. त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं १९२७ मध्ये, गांधीजींच्या हस्ते. ही पोरं जेवायची काय? तर मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि साठलेलं बोर्डिंगला द्यायचं. असल्या पोत्यात ज्वारी, बाजरी, नाचणी सगळं एकत्र येणार, आणि त्या पिठाची भाकरी कोणत्या रंगाची होत असेल देव जाणे. पण घरातली माणसं जे खाणार तेच त्या मुठीत. किडकं वेगळं काढून ठेवायला मडक्यात दुसरा कप्पा नव्हता. आणि एक दिवस बोर्डिंगात काहीच उरलं नाही, भाऊराव गावाला गेलेले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं. ‘नको असेल ते द्या’ लिहिणाऱ्याने एकदा बोर्डिंगचा हिशेब डोळ्यांपुढे आणावा.

याच भाऊरावांची आणखी एक गोष्ट साताऱ्यात सांगतात. १९४७ साली शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा एक धनिक मोठी रक्कम द्यायला तयार होता, अट एवढीच की कॉलेजला त्याचं नाव द्यावं. भाऊराव म्हणाले, एक वेळ बापाचं नाव बदलेन, पण हे बदलणार नाही. गोष्ट ऐकणारे माना डोलवतात आणि नावासाठी देणाऱ्याला शिव्या घालतात. इथे माझा पंथ वेगळा आहे. नाव लावायला माझी ना नाही. मला देणगीदारांचे फलक वाचायला फार आवडतात. देवळात गेलो की देव नंतर, फलक आधी. घरचे लोक प्रदक्षिणा घालून येईपर्यंत माझी अर्धी भिंत झालेली असते.

कोरेगावकडच्या एका खंडोबाच्या देवळात असा एक ऑइलपेंटचा फलक आहे. वर पाच हजार एकवाले, ठसठशीत अक्षरांत. मग हजार एक, मग पाचशे एक. एकावन्नपर्यंत येता येता पेंटरची जागा संपत गेली आणि शेवटच्या ओळी मोहरीएवढ्या अक्षरांत गेल्या. अगदी खाली, चौकटीला चिकटून, एका बाईंचं नाव आणि पुढे ‘रु. ११ व दोन पायल्या गहू’. गहू लिहिलेत हे महत्त्वाचं. पेंटरला ते गाळता आले असते, पण कुणीतरी त्याच्या मागे उभं राहून लिहून घेतले असणार. आणि वरून तिसऱ्या ओळीत ‘गुप्तदान रु. ५००१’. मी त्या ओळीवर थोडा जास्त वेळ थांबलो असेन, तेवढ्यात गुरवाने हे गुप्तदान कुणाचं, त्याचा बंगला कुठे, दोन मुलांपैकी कोण वेगळा निघाला, हे सगळं न विचारता सांगितलं.

पंख्याच्या पात्यावर नाव घालणाऱ्यांवर लोक हसतात, की पंखा फिरला की नाव दिसत नाही. हसणाऱ्यांनी गावाकडची वीज बघितलेली नसावी. नाव वाचायला भरपूर वेळ मिळतो. आणि नाव असलं की पंखा चांगल्या कंपनीचा घेतात, हा माझा अनुभव आहे. बिननावाच्या ढिगातूनच दोन डावे बूट निघतात. माझं ऐकाल तर त्या भिंतीवरच्या प्रत्येक खुंटीखाली देणाऱ्याचं नाव लिहा, फोन नंबरासकट. एका बाहीचा स्वेटर दुसऱ्या दिवशी दिसायचा नाही.

अण्णांना हे पटलं नाही. ते श्रमदानवाले. वेळू गावाने २०१६ चा पहिला वॉटर कप, श्रमदानाने पाणी अडवायच्या स्पर्धेतला, जिंकल्यापासून त्यांच्या अंगात कोरेगाव तालुका संचारला होता आणि पुढे एका १ मेला ते टोपी, टिकाव, गॉगल घेऊन एका गावात चर खणायला गेले. परत आले ते पिठल्याचं वर्णन करत. चराचं विचारलं तर म्हणाले, खणला की. नंतर कळलं, गावातल्या एका आजीने त्यांच्यादेखतच सुनेला सांगितलं होतं, “पाहुण्यांचा चर उद्या सरळ करून घ्या गं.”

वॉटर कपच्याच वर्षीचं, २०१६ चं, मिरजेचं पाणी. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. ११ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची गाडी कृष्णेचं पाच लाख लिटर पाणी घेऊन सुटली. पुढे पन्नास वाघिणी लागल्या, गाडीला ‘जलदूत’ म्हणू लागले. पाणी पोचलं, लोक प्याले, आणि मे महिन्यात रेल्वेचं सुमारे चार कोटींचं बिलही पोचलं. ओरड झाल्यावर खुलासा आला की लातूरच्या प्रशासनानेच हिशेब मागितला होता, म्हणून दिला. मला तर यात काही वावगं दिसत नाही. दहा वाघिणींच्या गाडीत कुणी किती घातलं हे कागदावर असलेलं बरं.

पण माझा मिरजेचा मित्र अजून त्या बिलावर तडकतो. “पाणी आमच्या नदीचं, वाघिणी कोट्याच्या, बिल रेल्वेचं. आमचं नाव कुठाय?”

“मग गाडीवर लिहायचं होतं, मिरजकरांच्या सौजन्याने.”

“नको रे बाबा. आता लातूरला कुठेही गेलो आणि मिरजेचा म्हटलं, की पाण्याच्या तांब्याबरोबर चहापण येतो.”

“दूध असतं ना चहात?”

“असतं.”

“मग तेवढं बिलातून वजा धर,” म्हटलं.