व्हीलचेअर कुणाच्या हक्काची?

हायडेलबर्ग येथे १९७२ साली झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून मुरलीकांत पेटकर यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी रुतलेल्या या जवानाने पुढे टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले, हे केवळ जाता जाता.

पेटकरांचे कर्तृत्व आता चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले आहे. पण चाकण-भोसरीच्या कारखान्यात उंच शेडवरून पडून ज्याचा मणका मोडतो, त्याची कथा कोण सांगणार? असा कामगार पुष्कळदा ओडिशा-बिहारचा असतो. त्याला गावी परतायचे झाले तर रेल्वेचा दिवस-दीड दिवसाचा प्रवास समोर असतो. संवेदना गेलेले शरीर तासन् तास एका जागी बसले की त्यावर जखमा होतात, आणि त्या महिनोन् महिने भरत नाहीत. त्याच्यासाठी दोन-अडीच तासांचे विमान ही चैन म्हणता येईल काय? चाकण-खेड परिसरात होऊ घातलेला विमानतळ बारगळून पुरंदरकडे वळला. त्यामुळे या औद्योगिक पट्ट्याला आजही लोहगावच गाठावे लागते, आणि परदेशी जाणाऱ्याला बहुधा मुंबई.

विमानतळावर त्याची खरी परीक्षा सुरू होते. विमानातील दोन आसनांमधील वाट इतकी चिंचोळी असते की नेहमीची व्हीलचेअर तेथे शिरूच शकत नाही. प्रवाशाला उचलून एका अरुंद खुर्चीत व तीतून आसनावर ठेवावे लागते. विमान दूर उभे असेल तर ॲम्ब्युलिफ्ट हवी. ती नसेल तर चार माणसांनी त्याला जिन्यावरून उचलून न्यायचे, हाच उपाय उरतो. आपले शरीर परक्या हातांत सोपवताना त्या माणसाच्या मनात काय येत असेल?

विमान कंपन्यांच्या व्यवहारात अशा प्रवाशांचे तीन वर्ग आहेत. ज्याला जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, तो ‘डब्ल्यूसीएचआर’. ज्याला जिनाही चढवत नाही, तो ‘डब्ल्यूसीएचएस’. आणि ज्याला आसनापर्यंत नेऊन बसवावे लागते, तो ‘डब्ल्यूसीएचसी’. तिघांच्या गरजांत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी तिकीट काढताना पुष्कळांना हे तीन वर्ग आहेत याचीच कल्पना नसते.

निगडी प्राधिकरणात, चिंचवडमध्ये कारखान्यांतून निवृत्त झालेली असंख्य कुटुंबे आहेत. मुले अमेरिकेत, जर्मनीत. नातवंडाच्या जन्माला आजी-आजोबा निघतात. सकाळी दुर्गा टेकडी चढून येणारे आजोबाही तिकिटावर व्हीलचेअर लिहून घेतात. त्यात लबाडी फार थोड्यांची. इंग्रजी येत नाही, परक्या देशातील विमानतळावर वाट चुकेल, ही भीती खरी आहे. त्यांना हवा असतो वाटाड्या; मागतात मात्र खुर्ची. ज्याला पायच नाहीत तो मग त्याच रांगेत ताटकळतो.

याची किंमत १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत दिसली. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने आलेल्या ऐंशी वर्षांच्या प्रवाशाने स्वतःसाठी व पत्नीसाठी व्हीलचेअर आधीच मागितली होती. मिळाली एक. पत्नीला तीत बसवून ते चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि दगावले. मागणी फार असल्याने थांबण्यास सांगितले होते, हा कंपनीचा खुलासा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तीस लाखांचा दंड ठोठावला, तो योग्यच झाला. अठ्ठेचाळीस तास आधी कळवले असेल तर ही सेवा विनामूल्य पुरवणे कंपनीवर बंधनकारक आहे. मागणी आधीच नोंदलेली असताना गर्दीची सबब कशी चालेल?

कायद्याची उणीव नाही. १९९५ चा कायदा होता, २०१६ चा आला. ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. दृष्टी मात्र बदलायची आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला दिव्यांगांविषयीच्याच परिषदेला निघाल्या होत्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या विदुषीला आसनावर बसल्यानंतर स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना दहा लाखांची भरपाई दिली. परिषद तर केव्हाच संपली होती.

आपल्याकडे दिव्यांगाला मदत करणारा पुण्य जोडल्याच्या भावनेने करतो. भावना चांगली आहे, पण पुण्य ऐच्छिक असते आणि येथे गरज बंधनाची आहे. तिकीट काढतानाच तीनही वर्ग सोप्या मराठीत विचारले जावेत. केवळ वाट दाखवण्यापुरता सोबती हवा असेल तर त्यासाठी वेगळा रकाना असावा, आणि ते काम खुर्ची ढकलणाऱ्या कर्मचाऱ्याच्या माथी मारू नये. निगडीच्या आजोबांनाही मग विमानतळावर खुर्चीत बसून पाय दुखत असल्याचे सोंग करावे लागणार नाही.