सरासरीच्या भक्तांस चार खडे बोल

दिवाळीत आपल्याकडे फटाके फुटतात आणि क्रिकेटच्या वादाला तोंड फुटते. फटाके भाऊबीजेला संपतात. वाद पुढच्या वसुबारसेपर्यंत पुरतो. चकली मोडता मोडता कोणीतरी सहज विचारतो, "काय हो, खरा थोर खेळाडू कोण?" की लगेच आकड्यांची बरसात सुरू होते. पूर्वी हे आकडे जपून ठेवलेल्या कात्रणांतून येत, आता खिशातल्या फोनमधून येतात. पण त्यांची मिजास तीच. एकदा सरासरी उच्चारली की बाकीच्यांनी मुकाट्याने चिवडा खावा, अशी या मंडळींची अपेक्षा असते. माझे भांडण आहे ते या मिजाशीशी.

आकड्यांशी माझे वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आकडा हा उत्तम साक्षीदार आहे. पण त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवले की घोटाळा होतो. साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच तो सांगणार. धावफलकाने काय पाहिले? धावा पाहिल्या, बळी पाहिले, झेल पाहिला. सुटलेला झेल कारकिर्दीच्या ओळीत येत नाही, अडवलेला चौकार येत नाही, आणि फलंदाजाच्या मनात बसलेली धास्ती तर कोणत्याच रकान्यात मावत नाही.

उदाहरणादाखल एकनाथ सोलकर घ्या. १९६९ ते १९७७ या काळात सत्तावीस कसोटी सामने, १०६८ धावा, सरासरी २५.४२, शतक एक, बळी अठरा. सरासरीचा भक्त या ओळीवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "ठीक होता." मग मी त्याला त्याच ओळीच्या अगदी शेवटी नेतो. तिथे अंगचोरपणे एक आकडा बसलेला असतो: झेल ५३. सत्तावीस सामन्यांत त्रेपन्न, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन! राहुल द्रविडने १६४ कसोटींत २१० झेल घेतले. ते प्रमाण सव्वाच्या आसपास येते. ऑस्ट्रेलियाचा बॉबी सिम्प्सन स्लिपमधला नामांकित, त्याचे ६२ कसोटींत ११० झेल, म्हणजे पावणेदोन. आकड्यांनाच देव मानायचे, तर निदान सगळे देव पुजा. शेंदूर फासलेल्या एकाच दगडापुढे नारळ का फोडता?

यावर हुशार प्रतिपक्षी म्हणतो, "अहो, बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्यासारखे चार फिरकी गोलंदाज असताना झेल उडणारच. तिथे कोणीही उभा राहिला असता!" आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो टाळत नाही. झेल उडत होते हे खरे. पण "कोणीही उभा राहिला असता" हे वाक्य ज्याने कधी फॉरवर्ड शॉर्ट लेगला पाच मिनिटेही काढली नाहीत त्याचेच असू शकते. बॅटपासून दोन-तीन पावलांवर ओणवे बसायचे. वजन चवड्यांवर, हात जमिनीलगत, नजर बॅटीच्या कडेवर आणि पॅडवर. चेंडू टप्पा घेण्याआधी उठायचे नाही, कारण उठलेला माणूस पुन्हा खाली जाऊ शकत नाही आणि झेल तर बुटाच्या उंचीवर येतो. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, फलंदाजाने बॅट उगारली तरी तोंड फिरवायचे नाही. ज्याचे डोळे मिटले त्याचा झेल गेला. हे सारे सोलकरने डोक्यावर शिरस्त्राण नसताना केले.

आणि खरी गंमत झेलापलीकडेच आहे. असा माणूस नाकाशी बसला की फलंदाजाला पाय पुढे टाकून चेंडू हलकेच थोपवता येत नाही. मग तो मागे सरतो आणि पायचीत होतो, किंवा वैतागून आडवी बॅट फिरवतो आणि त्रिफळा उडवून घेतो. धावफलकावर नाव लागते गोलंदाजाचे. सोलकरचे नाव तिथे कुठेच नसते. अशा बळींतला त्याचा वाटा कोणती सरासरी देणार?

१९७१ सालच्या ओव्हल कसोटीकडे पाहा. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळवला. चंद्राचे कौतुक झाले ते योग्यच. परंतु यष्टिरक्षक अ‍ॅलन नॉटने पहिल्या डावात नव्वद धावा केल्या होत्या. तो पुन्हा टिकता तर सामन्याचा रंग पालटला असता. वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरने पुढे झेपावून, जमिनीवर आडवे होत, त्याचा झेल घेतला. पहिल्या डावात याच गृहस्थाने तीन बळी घेतले होते आणि ४४ धावाही केल्या होत्या. त्याच वर्षी किंग्स्टनला भारताची अवस्था ५ बाद ७५ असताना मडगावच्या दिलीप सरदेसाईने २१२ धावा काढल्या, तेव्हा १३७ धावांच्या भागीदारीत दुसऱ्या टोकाला कोण उभे होते? हाच पंचविसाच्या सरासरीचा सोलकर. त्याच्या ६१ धावा नेमक्या कधी झाल्या हे सरासरी सांगत नाही. तिच्या लेखी ५ बाद ७५ आणि २ बाद ३०० एकाच भावाने विकले जातात.

दुसरा नमुना आमच्या नाशिकच्या बापू नाडकर्णींचा. १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सलग एकवीस षटके निर्धाव! लोक हे नवल म्हणून सांगतात, हसतात आणि शून्याकडे बोट दाखवतात. बोलस आणि बॅरिंग्टन त्या वेळी बचावाच्या पवित्र्यात होते हे मान्य. पण सलग १३१ चेंडूंत एकही चेंडू धाव घेण्याजोगा न टाकणे हे बचावाच्या कृपेने घडत नाही. त्याच डावात दुसऱ्या बाजूने चंदू बोर्डे यांनी पाच बळी मिळवले. एका बाजूचे दार कोणी लावून धरले होते, हे विचारायची तसदी किती जण घेतात?

आता आठवणींच्या भक्तांकडे वळतो. त्यांना सोडले तर अन्याय होईल. "काय तो काळ, काय ती माणसे!" म्हणून डोळे मिटणारे हे लोक पुराव्याच्या नावाने शंख करतात. त्यांना मी पद्माकर शिवलकरांचे नाव सांगतो. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी १९.६९, १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध मद्रासला १६ धावांत आठ आणि १८ धावांत पाच. एवढे आकडे घसा फोडून ओरडत असताना कसोटीची टोपी एकदाही मिळाली नाही, कारण त्याच जातीची गोलंदाजी करणारा बेदी जागेवर बसलेला. शिवलकर २०२५ साली गेले. इथे मला आकडेच हवेत, कारण आठवण पुसट होते आणि आकडा मात्र साक्ष द्यायला उभा राहतो. तेव्हा आकडा कधी बोलवावा आणि कधी गप्प बसवावा, एवढाच विवेक मी मागतो आहे.

हा पोरखेळाचा वाद नाही. आपण ज्याची वाहवा करतो तेच आपली मुले शिकतात. आज कोणत्याही मैदानावर जा: फलंदाजीला रांग लागलेली असते, क्षेत्ररक्षणाचा सराव शिक्षेसारखा उरकला जातो, आणि शॉर्ट लेगला संघातला सर्वांत नवखा पोरगा लोटला जातो. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा, तिथल्याच एका खोलीत वाढलेला एकनाथ, त्या लोटून दिलेल्या जागेचा राजा झाला. असा मुलगा आजही एखाद्या शाळेच्या संघात असेल. पण सामन्यानंतर बक्षीस मिळते पन्नास धावा करणाऱ्याला, आणि याच्या गुडघ्यावरच्या खरचटण्याची नोंद फक्त आई घेते.

म्हणून शाळा-क्लबांच्या गुणलेखकांना माझी विनंती आहे की वहीत दोन रकाने जास्त आखा: सुटलेले झेल आणि अडवलेल्या धावा. पट्टी आणि पेन्सिल, याहून अधिक खर्च नाही. आणि घरोघरच्या वादपटूंना सांगणे एवढेच की या दिवाळीत कोणी सरासरी फेकली, तर आधी विचारा, धावा झाल्या तेव्हा किती गडी बाद होते, आणि समोरचा गोलंदाज बळी घेत होता तेव्हा शॉर्ट लेगला कोण बसले होते. उत्तर शोधेपर्यंत चिवडा आपल्याकडे ओढून घ्यायला हरकत नाही.