पटकीची उसनवारी

1992च्या अखेरीस मद्रासमध्ये पटकीची साथ आली आणि प्रयोगशाळांतली मंडळी चक्रावली. जुलाब पटकीचेच, जंतूही व्हिब्रिओ कॉलराच, पण ओ-1 गटाच्या चाचणीला तो दाद देईना. तोवरचा ठोकताळा असा, की साथ आणतो तो ओ-1. बाकीचे शंभरावर गट फार तर किरकोळ हगवण लावतात. काही महिन्यांत हा पाहुणा कलकत्ता आणि बांगलादेशात पोचला. तिथे पटकी पाचवीला पुजलेली, त्यामुळे मोठ्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती असते आणि झळ मुलांना जास्त बसते. या वेळी मात्र मोठी माणसंच भराभर आडवी झाली. जंतूला ओ-139 असं नाव मिळालं. पटकीची आठवी जागतिक साथ सुरू झाली की काय, अशी चर्चाही झाली.

हा नवा जंतू आतून जुनाच होता. 1961पासून सातवी साथ जगभर फिरवणारा ओ-1मधलाच ‘एल टॉर’. त्याच्या पृष्ठभागावरच्या ज्या शर्करा-साखळ्यांवरून आपलं शरीर त्याला ओळखतं, त्या बनवणारी जनुकं त्याने टाकून दिली होती आणि दुसऱ्याच कुठल्या जिवाणूची जागेवर बसवली होती. जनुकांतलं एकेक अक्षर बदलत इथवर यायला किती पिढ्या गेल्या असत्या कोण जाणे. इथे अख्खा गठ्ठाच बदलला.

आणि ज्या विषाने माणूस मरतो, तेही या जंतूचं स्वतःचं नाही. ते विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959मध्ये दाखवून दिलं. (या माणसाला आपण हयातीत पुरेसा मान दिला नाही, हे जाता जाता.) पुढे 1996मध्ये मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी सिद्ध केलं, की विषाची जनुकं एका विषाणूची आहेत, जिवाणूंनाच लागण करणाऱ्या विषाणूची. व्हिब्रिओ आपल्या आतड्यात ज्या तंतूंच्या आधाराने बस्तान बसवतो, नेमके तेच तंतू पकडून हा विषाणू त्याच्यात शिरतो. तंतू असले, की खाडीतल्या निरुपद्रवी व्हिब्रिओलाही विष मिळण्याची सोय झाली.

जनुकांच्या देवघेवीची दुसरी जागा खाडीच्या पाण्यातच आहे. कोळंबी, खेकडे आणि त्यांच्या सूक्ष्म भाऊबंदांच्या कवचात कायटिन असतं. त्यावर बसलेला व्हिब्रिओ आजूबाजूचा डीएनए आत ओढू लागतो. वाट पाहतो असंही नाही. स्वित्झर्लंडमधल्या मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने 2015मध्ये दाखवलं, की तो शेजारच्या जिवाणूला टोचून फोडतो आणि सांडलेला डीएनए गिळतो.

मला खरी धास्ती वाटते ती एसएक्सटी नावाच्या तुकड्याची. तो ओ-139मध्येच पहिल्यांदा सापडला. जिवाणूच्या गुणसूत्रातून सुटायचं, दुसऱ्या जिवाणूशी जोडणी झाली की तिकडे जायचं आणि तिथल्या गुणसूत्रात ठाण मांडायचं, हा त्याचा धंदा. सोबत सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशा औषधांना निष्प्रभ करणारी जनुकं. ओ-139चा जोर काही वर्षांत ओसरला, आठवी साथ आलीच नाही. ओ-1 परतला, पण परतलेल्या ओ-1मध्ये एसएक्सटीच्या कुळातले तुकडे होते. पाहुणा गेला, बोचकं घरातच राहिलं.

2004मध्ये वाल्डोर यांच्याच प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट उघड केली. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने जिवाणूच्या डीएनएला इजा झाली, की त्याची संकटकालीन यंत्रणा जागी होते आणि एसएक्सटीवरचा लगाम सुटतो. देवघेव अनेक पटींनी वाढते. ‘गोळ्यांचा कोर्स पुरा करा’ एवढं बजावून आपण मोकळे होतो, ते मला म्हणूनच अपुरं वाटतं. ज्या जुलाबाला गोळीची गरजच नव्हती, त्यासाठी घेतलेला पुरा कोर्सही पोटातल्या या बाजाराला चालना देऊ शकतो.

पटकीत जीव जातो तो विषामुळे शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. गंभीर रुग्णाला सलाइन आणि योग्य प्रतिजैविक लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण 1971मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो माणसं जगवली. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. ते पाणी जंतूला मारतच नाही, त्यामुळे त्याविरुद्ध जंतूने कुणाकडून काही उसनं आणायचा प्रश्नच येत नाही. तरी आजही दुकानात जुलाब म्हटलं, की आधी गोळ्यांची पट्टी कापली जाते; त्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, म्हणजे ओआरएसचं, पाकीट मागून घ्यावं लागतं.