पाहुणा की गिऱ्हाईक?

स्पेनच्या पूर्वेस भूमध्य समुद्रात मायोर्का, मिनोर्का, इबिझा आणि फोर्मेंतेरा ही बालेआरिक बेटे आहेत. तेथील वस्ती सुमारे १२ लाख. २०२३ या एकाच वर्षात आलेल्या प्रवाशांची संख्या मात्र पावणेदोन कोटींवर गेली. २१ जुलै २०२४ रोजी मायोर्कातील पाल्मा या राजधानीत हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले. ‘आता दिशा बदला’, ही त्यांची मागणी होती. ती ऐकून अनेकांनी नाके मुरडली. ज्यांच्या पैशावर जगता, त्यांनाच दार दाखवता? हा कृतघ्नपणा नव्हे काय?

आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण तो अर्धसत्य आहे. पैसा येतो, हे खरे. तो कोणाच्या हाती पडतो, हे कोणी विचारीत नाही. घरमालकाला वर्षभर राहणाऱ्या भाडेकरूपेक्षा आठवड्यापुरता येणारा प्रवासी किफायतशीर वाटू लागला, तेव्हा शिक्षक, परिचारिका, वाढपी यांना बेटावर छप्पर मिळेनासे झाले. इबिझात तर हंगामात राबणारे कित्येक कामगार तंबूत किंवा मोटारगाडीत रात्र काढतात. जो दुसऱ्याचे अंथरूण घालतो, त्याला स्वतःचे अंथरूण टाकायला जागा नाही! अशा माणसाने तोंड उघडले, तर त्याला कृतघ्न कोणत्या तोंडाने म्हणावे?

अंथरुणाचीच गोष्ट घ्या. स्पेनमधील हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या स्त्रियांनी ‘केली’ या नावाने संघटना उभारली आहे. ‘साफसफाई करणाऱ्या’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांवरून ते नाव पडले. जड गाद्या उचलून त्यांच्या पाठी मोडत होत्या. अखेर २०२२ साली बालेआरिक सरकारला हॉटेलांतील खाटा यंत्राने वर उचलता येतील अशा बसवण्याचा कायदा करावा लागला. ज्या गादीवर प्रवाशाने पाठ टेकली, तिच्याखाली कोणाची पाठ दबली होती, हे कळायला कायदा लागावा काय?

याच पाल्मा नगरात येशूसंघाच्या महाविद्यालयाच्या दारात संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज यांनी कित्येक दशके द्वारपालाची सेवा केली. लोकरीचा व्यापार बुडाला, पत्नी व मुले निवर्तली, तेव्हा उतारवयाकडे झुकताना ते संघात आले. दारावर थाप पडली की प्रभूच आला आहे, या भावनेने ते कडी काढीत. म्हणजे आतिथ्य या बेटाला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु तेराव्या लिओ परमगुरूंनी १८८८ साली या द्वारपालाला संतपद दिले आणि त्याच परमगुरूंनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र लिहून कामगाराच्या विश्रांतीचा हक्क ठासून मांडला. दार उघडणारा आणि राबणारा, या दोघांचीही बूज राखायची असते.

‘मग आम्ही सुट्टीला जाऊच नये काय?’ असे कोणी विचारील. अवश्य जावे. विश्रांती ही देवाची देणगी आहे, आणि प्रवासात पाप नाही. पाल्मानेही दार लावून घेतलेले नाही. इमारतींतील सदनिका प्रवाशांना भाड्याने देण्यास तिने २०१८ साली बंदी घातली. २०२२ पासून बंदरात दिवसाला तीनच पर्यटक जहाजे घेण्याचे ठरले. याला हाकलणे म्हणत नाहीत; घराला सोसेल तितकीच पंगत बसवणे म्हणतात.

प्रश्न जाण्याचा नाही, कोण म्हणून जातो याचा आहे. गिऱ्हाईक पैसे मोजतो आणि हिशेब मिटला असे समजतो. पाहुणा यजमानाची ऐपत पाहतो, त्याच्या मुलांची खोली मागत नाही, आणि निघताना अंथरूण घालणाऱ्या हातांची आठवण ठेवतो. उद्या आपल्यापैकी कोणी त्या निळ्या किनाऱ्यावर उतरले, तर उतारा ठरवताना एवढे विचारावे : या खोलीत काल कोण राहत होते, आणि आज ते कोठे झोपतात? उत्तर ऐकून झोप येत नसेल, तर उतारा बदलावा.